पंचशीलेचा कागदी ग्लास

पंचशीलेच्या नाकावर राग असतो, असं गाव म्हणतं. असतोच. पण तो तिथं कुणी आणून बसवला, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. उलट तिलाच शहाणपण शिकवतात, की बाईच्या जातीनं जरा गोड बोलावं. गोड बोलण्याचा मक्ता सगळा खालच्या आळीनं घ्यायचा, असा आपल्याकडे जुना करारच झालेला दिसतो.

औरादहून संतपूरकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्यानं आत गेलं की सोयाबीन आणि तुरीच्या रानात हे गाव. गावाच्या उतरत्या अंगाला बुद्धविहार, विहाराला लागून वस्ती, आणि वस्तीतलं निळ्या दाराचं घर पंचशीलेचं. घरात सासू शोभाबाई, नवरा प्रेमानंद आणि सहावीत शिकणारी राजश्री. प्रेमानंद शिलाई मशीनचा मेकॅनिक. नौबादच्या एका दुकानात तो मशीन खोलायला शिकला, तिथून बेंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यात गेला, आणि पुढं एका एजंटानं त्याला थेट इजिप्तमध्ये, सुएझ कालव्याकाठच्या इस्माईलिया शहरात नेलं. वर्षभरानं पंचशीलाही गेली. राजश्री तिथंच जन्मली. करोनात कारखाना बंद पडला, तेव्हा तिघं परत आली.

परत आल्यापासून गावाला तिच्याकडून मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गोष्टी हव्या असतात. आता गोष्टी सांगायला तिची ना नाही. पण पिठाच्या गिरणीवर विचारतात काय, तर ममी बघितलीस का? उंटावर बसलीस का? एका टवाळानं तर विचारलं, "तिकडल्या बाया पोट हलवून नाचतात म्हणे, खरं हाय का?"

"माझ्या शेजारच्या बाया सैपाक करायच्या," पंचशीला म्हणाली. "तुमच्या घरच्या काय करतात?"

झालं. तेव्हापासून ती आगाऊ.

खरं सांगायचं तर पिरॅमिड तिनं एकदाच, बसच्या खिडकीतून पाहिले. तिनं पाहिली ती माणसं. आणि तिकडची माणसंही काही कमी नव्हती. त्यांनी तिला विचारलं होतं, तुमच्याकडे घराघरात हत्ती असतो का? बाजारात भाजीवाला गिऱ्हाइकाला म्हणतो, "मला काय हिंदी समजलास?" हिंदी म्हणजे हिंदुस्थानी, आणि हिंदुस्थानी म्हणजे बावळट, ज्याला कुणीही गंडवावं असा. ते पहिल्यांदा कळलं तेव्हा पंचशीलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजी तिथंच टाकून ती घरी आली होती. म्हणजे एवढा समुद्र ओलांडून यायचं, तर तिथंही आपल्यासाठी एक शब्द तयार ठेवलेला.

त्या दिवशी तिच्या मागोमाग तिची टाकलेली भाजी घेऊन जी बाई जिना चढून आली, ती उम्म करीम.

उम्म म्हणजे आई. उम्म करीम म्हणजे करीमची आई. समोरच्या दारात राहायची, नवरा वारलेला, मुलगा कॉलेजात. जाडजूड, बडबडी, दम लागला तरी बोलणं न थांबवणारी. ती मूळची दक्षिणेकडच्या खेड्यातली, आणि कैरोची माणसं त्या भागातल्यांना डोक्यानं जड म्हणून हसतात, हे तिनंच सांगितलं. "मला 'सैदी' म्हणून हसतात, तुला 'हिंदी' म्हणून. तोंडं आहेत त्यांची, चालणारच," असं म्हणून तिनं भाजी ओट्यावर ठेवली. मग जरा थांबून कबूल केलं, की ते हिंदीचं वाक्य तिच्याही तोंडात बसलेलं आहे. नंतर तिनं ते कधी म्हटलं नाही. निदान पंचशीलेसमोर तरी नाही.

पण त्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि सगळं तिथूनच सुरू होतं.

पंचशीला इस्माईलियात पोचली, त्याच आठवड्यात उम्म करीमनं तिला चहाला बोलावलं. काचेच्या छोट्या ग्लासात पुदिना घातलेला काळा चहा. पंचशीलेनं तो प्यायला, उठली, नळाखाली ग्लास विसळला आणि उंबऱ्याबाहेर भिंतीशी पालथा घालून ठेवला. हे तिनं ठरवून केलं नाही. हातानं केलं. लहानपणापासून गावात वरच्या आळीला चहा मिळाला की आपला कप आपण धुवायचा आणि बाहेर पालथा ठेवायचा, हे हाताला जे लागलं होतं, ते विमानात बसून थोडंच सुटणार!

उम्म करीम उंबऱ्याबाहेरचा तो ग्लास बघून भडकली. पाहुणीनं भांडं धुवायचं? आणि घराबाहेर ठेवायचं? माझं घर काय घाण आहे? माझ्या ग्लासाची तुला किळस आली? भाषा कळत नव्हती, पण राग कळत होता. शेवटी प्रेमानंदला मध्ये घालून पंचशीलेनं निरोप दिला, की आमच्याकडे पाहुण्यांनी भांडं धुवायची रीत आहे. उम्म करीम म्हणाली, रीत वाईट आहे, माझ्या घरात चालणार नाही.

त्या दिवसापासून पंचशीलेनं तिथं एकही ग्लास धुतला नाही. आणि तो निरोप खोटा होता, हेही कधी सांगितलं नाही.

तिथं कुणी काही विचारतच नाही असं नव्हे. मुसलमान की ख्रिश्चन, हे विचारतात, त्यांच्या ओळखपत्रावरच ते लिहिलेलं असतं. पंचशीलेनं सांगितलं, बौद्ध. उम्म करीमला ते काही उमजेना. तिनं विचारलं, तुमच्यात खोटं बोललेलं चालतं का? नाही. चोरी? नाही. आईबापाला सांभाळता? सांभाळतो. "मग झालं," म्हणाली आणि पुढ्यात भाकरी सरकवली. बुटक्या गोल टेबलाभोवती सगळे मांडी घालून बसत आणि एकाच थाळीत सगळ्यांचे हात पडत. त्यांच्यात एकत्र खाल्लेल्या भाकरी-मिठाला फार मानतात. ज्याच्यासोबत भाकरी-मीठ झालं त्याला माणूस अंतर देत नाही, असं म्हणतात. सगळेच पाळतात असं नाही, पण न पाळणाऱ्याला ते वाक्य ऐकवलं की मान खाली घालावी लागते.

राजश्री जन्मली तेव्हा सातव्या दिवशी त्यांच्या रीतीनं सोहळा झाला. बाळाला पिठाच्या मोठ्या चाळणीत ठेवून हलकं हलकं हलवलं. उम्म करीमनं बाळाच्या कानाशी पितळी खलबत्ता ठणाठणा वाजवला आणि ओरडून सांगितलं, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" प्रेमानंद कोपऱ्यात हसत उभा होता. मग पंचशीलेनं चाळणीवरून सात वेळा पाय टाकला आणि दृष्ट लागू नये म्हणून बायकांनी घरभर मीठ उधळलं. आई हजारो मैल लांब, सासू लांब, आणि या परक्या बायका आपल्या लेकीसाठी घसा फोडून गाताहेत, हे बघून पंचशीला ढसाढसा रडली. त्या दिवसापासून ती त्या जिन्यावर 'उम्म राजश्री' झाली. आडनाव कुणी विचारलं नाही. वस्ती कुणी विचारली नाही. राजश्रीची आई, एवढी ओळख पुरली.

गावात तिची ओळख काय आहे, ते गावाला विचारा.

तर अशी ही उम्म करीम मागच्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी करीमला घेऊन हैदराबादला आली. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली, तशी म्हणाली, इथून उम्म राजश्रीचं गाव किती लांब? आणि एका सकाळी करीमला हैदराबादलाच ठेवून, भाड्याच्या गाडीनं, काळा चष्मा लावून, बिस्किटांचे दोन डबे काखोटीला मारून निळ्या दारासमोर उतरली. शोभाबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती आणि शोभाबाई एकमेकींचा एक शब्द न कळता अर्धा तास बोलल्या. पंचशीलेनं अंबाड्याची भाजी केली. लसणाची फोडणी ओतताना तोंडानं "हाऽ" असा मोठा श्वास ओढला, तशी उम्म करीम टाळ्या पिटून हसली. तिकडे मुलुखिया नावाच्या पालेभाजीला फोडणी देताना बायका असा श्वास ओढतात, नाहीतर भाजीला चव येत नाही म्हणतात. पंचशीलेनं ते इथं अंबाड्याला लावलं होतं.

पंचशीलेला त्या दिवसाकडून एकच गोष्ट हवी होती. उम्म करीमनं यावं, जेवावं आणि काही न बघता परत जावं. जगात एक तरी दार असं असावं, की जिथं तिचं नाव फक्त उम्म राजश्री असेल. तेवढं दार तिला जपायचं होतं.

जेवणं होतात न होतात तोच वरच्या आळीचं बोलावणं आलं. गुरुशांतप्पा पंचायतीचे माजी अध्यक्ष. गावात परदेशी पाहुणी आलीय आणि ती आपल्या घरी चहाला आली नाही, हे त्यांना कसं चालावं?

"न्हाई म्हणून सांगते," पंचशीला म्हणाली.

"बरं दिसंना ते. जाऊन ये की," शोभाबाई म्हणाली. "बोलावणं आलंय."

"मला कुटं आलंय आत्या? तिला आलंय. मी तिची जीभ म्हणून जायचं."

पण उम्म करीम तोवर नवा रुमाल डोक्याला बांधून तयार. शेजाऱ्याचं बोलावणं मोडायचं म्हणजे त्यांच्यात मोठा अपमान. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून बिस्किटांचा एक डबा तिनं सोबत घेतलाच. पंचशीला मुकाट्यानं निघाली.

गुरुशांतप्पांचं घर नवं, टाइल्स लावलेलं, हॉलमध्ये सोफा. त्यांची बायको बसव्वा दारापर्यंत आली, उम्म करीमचा हात हातात धरून तिला आत नेलं आणि सोफ्यावर स्वतःजवळ बसवलं. पंचशीलेला म्हणाली, "तू बस की गं तिथं." तिथं म्हणजे दाराशी ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची.

उम्म करीमनं डबा पुढं केला. बसव्वानं तो घेतला, पण उघडेना. "ह्ये तुमच्या घरी केलेलं हाय व्हय?" तिनं पंचशीलेला विचारलं.

"न्हाई अक्का. मिसरातून आणलंय तिनं."

"मग असू दे," असं म्हणून बसव्वानं डबा उघडला आणि एक बिस्कीट तोंडात टाकलं. सात समुद्रांपलीकडच्या हाताचं चालतं. विहाराजवळच्या हाताचं चालत नाही. आणि हे म्हणताना आवाजही खाली आला नाही हो! ज्याची लाज वाटत नाही ते बोलताना आवाज खाली कशाला येईल?

चहा म्हटल्यावर उम्म करीमनं हात हलवून नको म्हटलं. बसव्वा गोंधळली. पंचशीलेनं सांगितलं, "आधी नको म्हणायची रीत हाय त्यांच्यात. तुमी आग्रह करा."

"अगं, म्हंजी आपल्यावाणीच की!" बसव्वा खुलली. मग आग्रह झाला, पुन्हा नकार झाला, पुन्हा आग्रह झाला. उम्म करीमनं चाळणीतल्या बाळाची गोष्ट सांगितली, पंचशीलेनं ती मराठीत आणली. खलबत्त्याचं ऐकून गुरुशांतप्पा मोबाइलमधून मान वर करून हसले. बसव्वा म्हणाली, आमच्यात बी लेकराला सुपात घालतात. घटकाभर तो हॉल कुठल्याही चार चांगल्या माणसांच्या घरासारखा वाटला. पंचशीलेला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात सून अंबिका ट्रे घेऊन आली. उम्म करीमला फुलाफुलांची कपबशी, गुरुशांतप्पांना आणि बसव्वाला तशीच. आणि ट्रेच्या कडेला एक कागदी ग्लास. तो दाराकडे आला.

शोभाबाईच्या काळी वरच्या आळीच्या घरांत वळचणीला कानतुटका कप खोचलेला असायचा. आता कप गेला. कागद आला. धुवायचा त्रास नाही, पालथा ठेवायची भानगड नाही, आणि कुणी विचारलंच तर स्वच्छतेचं कारण तयार. अस्पृश्यतेनं काळाप्रमाणे बदलायला शिकावं आणि माणसांनी शिकू नये!

पंचशीलेनं ग्लास हातात धरला. उम्म करीमनं एक घोट घेतला आणि नव्या नजरेनं हॉलभर बघता बघता तिची मान दाराशी थांबली. तिनं कप खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराशी आली आणि पंचशीलेच्या कपाळावर तळवा ठेवला.

"पोरी, तुला काय झालंय?" तिनं आपल्या भाषेत विचारलं.

"कुठं काय?"

"मग तुझा ग्लास वेगळा का? माझ्या बहिणीला क्षय होता. तिचा ग्लास आम्ही असाच वेगळा ठेवायचो, लाल दोरा बांधून. माझ्यापासून काय लपवतेस? छातीचं आहे का? मला सांग, औषध आहे त्याला आता."

डोळ्यांना पाणी लावू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ही रडायच्या बेतात.

"काय म्हणायली गं ती?" बसव्वा सोफ्यावरून हसत म्हणाली.

सर्दी झालीय, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. उम्म करीमचा जीव भांड्यात पडला असता, बसव्वाची लाज राहिली असती, चहा संपला असता. एका ग्लासापायी पंचशीला एकदा खोटं बोललीच होती. दुसऱ्यांदा बोलायला काय लागतं? पण खोटं प्रत्येक वेळी तिनंच का बोलायचं? घाण एकानं करायची आणि पदर दुसरीनं टाकायचा, हे किती पिढ्या?

"ती इचारायली अक्का," पंचशीला म्हणाली, "की मला कोणता आजार हाय."

"आजार? कामून?"

"माझा गलास येगळा हाय म्हणून. त्यांच्यात रोग्याचा गलास येगळा ठेवतात."

बसव्वाचं हसू जागच्या जागी राहिलं. अंबिका ट्रेकडे बघू लागली. गुरुशांतप्पा खाकरले. "तिला सांग, पेपरकप स्वच्छ असतो. बेंगळुरात बी आता त्येच हाय."

"मग तिला कामून दिला न्हाई अप्पा? पाव्हणी तर ती हाय."

"वाढवू नकोस गं," बसव्वा म्हणाली. "आजार-बिजार काय न्हाई म्हणून सांग."

"सांगते की. पण मग ती इचारल, आजार न्हाई तर येगळा कामून. तवा काय सांगू?" पंचशीला उठून उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "मला काय झालंय ते तुमी तुमच्या तोंडानं सांगा अक्का. मी एक शबूद न बदलता तिला सांगते."

गावात बोलायला कधी कमी न पडणारी ती माणसं. पाराजवळ, गिरणीवर, पंचायतीत जो शब्द त्यांच्या तोंडात कायम असतो, तो परक्या बाईला ऐकवायच्या वेळी मात्र दातखीळ बसली.

"अंबिका, स्टीलचा गलास आण गं," शेवटी बसव्वा म्हणाली.

"नको. झाला माझा चहा." पंचशीलेनं भरलेला कागदी ग्लास नेऊन त्या फुलाफुलांच्या कपांच्या मधोमध ठेवला.

"काय म्हणतात ते?" उम्म करीमनं विचारलं.

"आजाराचं नाव ह्यांना ठाऊक आहे. सांगायला जीभ वळत नाही. चल, घरी सांगते."

घरी पोचेपर्यंत उम्म करीम कुठली थांबायला. वाटेतच सांगितलं. त्यासाठी लागणारा शब्द तिला अरबीत येत नव्हता, म्हणून साध्यासुध्या शब्दांत सांगितलं: जन्म, हात, पाणी, विहीर, आजी, कप. उम्म करीमनं दोनदा विचारलं, "पण तुम्ही काय केलं होतं?" दोन्ही वेळा पंचशीला म्हणाली, "काही नाही. जन्मलो." तेव्हा ती बाई रस्त्यात गर्रकन वळली. माझा बिस्किटांचा डबा त्या घरात राहिलाय, तो मला परत पाहिजे, म्हणाली. पंचशीलेनं दंडाला धरून तिला वस्तीकडे आणलं.

घरी शोभाबाईनं पुन्हा चहा टाकला. स्टीलचे ग्लास, सगळ्यांना सारखे. उम्म करीमनं चहा संपवला. मग रिकामा ग्लास हातात फिरवत म्हणाली, "पहिल्यांदा माझ्याकडे आलीस, तेव्हा तू ग्लास धुवून बाहेर पालथा ठेवलास."

"हो."

"आणि मी तुझ्यावर ओरडले."

पंचशीलेनं तिच्या ग्लासात उरलेला चहा ओतला.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू मला उम्म राजश्री म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते," उम्म करीम म्हणाली. पण ते म्हणण्याआधी ती थोडी थांबली, आणि ते थांबणं दोघींनाही कळलं. तिनं पंचशीलेचा हात घट्ट धरला, पुन्हा म्हणाली, म्हणाले असते. गाडी सुटेपर्यंत आणखी दोनदा म्हणाली.

पंचशीलेला राग आहे तो त्या थांबण्याचा नाही. थांबणारच माणूस. असला प्रश्न स्वतःच्या माणसाला विचारायची पाळी ज्यांनी तिच्यावर आणली, त्यांचा आहे.